छपरावरची वीज : आधी हिशेब, मग सही

भोर-वेल्ह्यात पाऊस दणकून पडतो. मग छपरावर सौर पॅनेल बसवून काय फायदा, असे आम्हीही म्हणत होतो. हिशेब मांडला आणि मत बदलले.

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत घरगुती जोडणीला एक किलोवॅटवर ३०,०००, दोनवर ६०,००० आणि तीन व त्यापुढे ७८,००० रुपये अनुदान आहे. एका किलोवॅटला उन्हाच्या दिवशी साधारण चार युनिट वीज मिळते. नेट मीटरमुळे जादा युनिट पुढच्या बिलात जमा होतात. मार्चअखेर हिशेब मिटतो. म्हणजे एप्रिल-मेची शिल्लक आषाढ-श्रावणात कामी येते.

खाली दुकान, वर घर असलेल्या बांधवांनी ध्यानात ठेवावे, दुकानाच्या व्यापारी मीटरला हे अनुदान नाही. शिवाय अनुदान काम पूर्ण झाल्यावर बँक खात्यात येते. तोवरची रक्कम आपणच उभी करायची. व्याज टाळणाऱ्यांनी त्यासाठी भिशी आधीच सुरू करावी. घर जुने, कौलारू असेल तर वासे सुताराला दाखवून घ्यावेत.

कापड आपण मोजून मगच फाडतो. इथेही तोच कायदा.