ठासणीच्या रायफलीचा बार : गोळी, दारू व पेच यांचा मेळ

एकोणिसाव्या शतकांतील शिकारीचीं वर्णनें वाचतांना 'अमुक बोरची रायफल, अमुक ड्राम दारू' असे उल्लेख पदोपदीं येतात. वाचक बहुधा ते अंक ओलांडून पुढें जातो. वस्तुतः सावज जागीं पडणार कीं जखमी होऊन झाडींत तडफडत मरणार, हें पुष्कळ अंशीं त्या अंकांवरच ठरत असे. म्हणून त्यांचा अर्थ येथें उलगडून दाखविण्याचें आम्हीं योजिलें आहे.

उदाहरणादाखल आम्ही जेम्स फॉर्सिथ याचें मत घेतों. नागपूर हें मुख्य ठाणें असलेला मध्यप्रांत १८६१ त स्थापन झाला. त्या प्रांतांत फॉर्सिथ जंगलखात्यांत व पुढें निमाडचा डेप्युटी कमिशनर म्हणून होता. सातपुड्यांतील त्याच्या भ्रमंतीचा प्रसिद्ध ग्रंथ तो वारला त्याच वर्षीं, म्हणजे १८७१ त, निघाला. परंतु त्यापूर्वीं १८६३ त त्यानें शिकारी रायफल व तिच्या गोळ्या या विषयावर एक स्वतंत्र पुस्तक लिहिलें होतें. प्रस्तुत विषयाला तेंच महत्त्वाचें आहे.

प्रथम मापें पाहूं. एका पौंड शिशाच्या नळीच्या मापाच्या जितक्या गोल गोळ्या होतील, तितक्या 'बोर'ची ती बंदूक. अर्थात् अंक जितका लहान तितकी नळी मोठी. पौंडाचे ७००० ग्रेन. तेव्हां १४ बोरची गोळी ५०० ग्रेन वजनाची व सुमारें ०.६९ इंच व्यासाची होते. ड्राम म्हणजे औंसाचा सोळावा हिस्सा, सुमारें २७ ग्रेन. ठासणीच्या बंदुकींत दारू मापून ओतणें, तेल लावलेल्या फडक्यांत गोळी गुंडाळणें व ती गजानें ठासणें हें सर्व हातानेंच होई. म्हणून बार किती भरावा याचा निर्णय ज्यानें त्यानें करावयाचा असे.

आतां मुख्य अडचण. १८५३ च्या नमुन्याच्या एन्फील्ड या लष्करी रायफलीची लांबट गोळी ५३० ग्रेनची होती व तिला दारू अवघी अडीच ड्राम. गोळी हलकी असो वा जड, नळींतून सुटतांच ती खालीं येऊं लागते: पाव सेकंदांत १ फूट, अर्ध्या सेकंदांत ४ फूट. वेळ दुप्पट तर घसरण चौपट. लष्करी शिपायास अंतर मोजून निशाणपट्टी चढवितां येई. जंगलांत मात्र सांबर झाडींतून निघून क्षणभर उभें राहतें, व तें ८० वारांवर आहे कीं १३० वारांवर, हें केवळ अदमासानें ठरवावें लागतें. गोळी मंद असेल तर त्या अदमासांतील चूक छातीऐवजीं पोटावर किंवा पायावर जाऊन आदळते.

मग दारूच वाढवावी, असें कोणीही म्हणेल. परंतु नळीच्या आंतील खांचांचा पेच आखूड असला, म्हणजे थोड्या लांबींत पुरा फेरा घेत असला, तर जोराच्या बारानें मऊ शिशाची गोळी खांचा सोडून सरळ निघते. तिला फिरकी मिळत नाहीं व नेम बिघडतो. एन्फील्डचा पेच ७८ इंचांत एक फेरा घेई. फॉर्सिथनें १४ बोरच्या गोल गोळीसाठीं तो सुमारें १०४ इंचांपर्यंत सैल केला. लांबट गोळी आडवी होऊं नये म्हणून तिला फिरकी अधिक लागते. गोल गोळीस थोडी पुरते. पेच सैल होतांच दारू ५ ड्राम, म्हणजे लष्करी बाराच्या दुप्पट, घालतां आली. आणि जवळच्या पल्ल्यांत गोळी जवळजवळ सपाट जाऊं लागली.

यांत तोटाही होता. गोल गोळीचा वेग हवेंत लवकर मरतो, म्हणून दूरच्या माऱ्यास ती निरुपयोगी. परंतु दाट जंगलांतील बार बहुधा जवळचेच असल्यामुळें फॉर्सिथनें तो तोटा जाणून पत्करला, असें आम्हांस वाटतें.

बार ठरविण्याची रीत धिमी असे. दारू थोडथोडी वाढवीत कागदी निशाणावर गोळ्या झाडाव्या. त्या विखुरूं लागल्या कीं मागें येऊन एकत्र पडणाऱ्या प्रमाणावर थांबावें. शिशाचाही विचार लागे. चितळ-सांबरास मऊ, शुद्ध शिसें बरें, कारण तें आंत पसरतें. गव्यासारख्या जाड कातडीच्या जनावरास कथील किंवा पारा मिसळून गोळी कठीण करीत.

दुसऱ्या टोकास लंडनच्या पर्डी यानें १८५६ त आगगाडीवरून 'एक्सप्रेस' नांव दिलेली रायफल होती : हलकी लांबट गोळी व भरपूर दारू. पुढें या जातीच्या गोळ्या टोंकाशीं पोकळ करूं लागले. त्या हरणावर फार परिणामकारक. परंतु मोठ्या जनावरावर त्या वरच्यावर फुटतात, म्हणून सॅम्युएल बेकर यानें १८९० च्या आपल्या ग्रंथांत भरीव गोळीचा कैवार घेतला. पसरणाऱ्या गोळीचा हाच गुण युद्धांत क्रूर ठरून १८९९ त हेग येथें तिचा निषेध झाला. शिकारींत मात्र तोच गुण दयेचा मानला गेला, कारण त्यानें सावज लवकर मरतें.

भारतांत १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा व त्याची १९९१ ची दुरुस्ती यांनीं हौशी शिकार बंद केली. परदेशांत मात्र हरणांच्या शिकारीसाठीं घरीं काडतुसें भरणारे आजही ग्रेन मोजीत याच तीन गोष्टींचा मेळ घालतात. आमच्या अभ्यासकांपुढें प्रश्न आहे तो जुन्या नोंदींचा. त्यांत जखमी होऊन निसटलेल्या जनावरांचे उल्लेख आले म्हणजे ते केवळ नेमबाजाच्या हाताचे दोष समजूं नयेत. बोर किती, दारू किती, पेच कसा, हें आधीं पाहावें व मगच त्या शिकाऱ्याविषयीं मत बनवावें, एवढेंच आमचें सांगणें आहे.