समाजसेवा अधीक्षक : मृत्यूनंतरही नातेवाइकांसोबत

खोपटच्या एसटी स्थानकात बाहेरगावच्या गाड्या लागतात. उपचारांसाठी ठाण्यात येणाऱ्या गावाकडच्या कुटुंबांचा हा ओळखीचा थांबा. आणलेला माणूस रुग्णालयात दगावला, की रडायलाही सवड मिळत नाही. बॉडी कधी ताब्यात मिळणार? पीएम होणार का? शववाहिका कुठून आणायची? दाखला कोण देणार?

या घडीला नातेवाइकांचा हात धरणारं एक पद मोठ्या सरकारी रुग्णालयांत आहे : समाजसेवा अधीक्षक. मुंबईत 1936 साली समाजकार्याची पदव्युत्तर शाळा सुरू झाली, तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. पुढे दहा वर्षांनी, 1946 मध्ये, मुंबईच्याच जे. जे. रुग्णालयात देशातल्या पहिल्या वैद्यकीय समाजसेवकाची नेमणूक झाली. गरीब रुग्णाला योजनेचा लाभ मिळवून देणं, औषधांसाठी दाते शोधणं, बेवारस रुग्णाचं घर शोधणं ही या पदाची नेहमीची कामं. मृत्यूनंतर मात्र त्याचा खरा कस लागतो.

अपघाती किंवा संशयास्पद मृत्यू असेल, तर पोलीस पंचनामा आणि शवविच्छेदन टळत नाही. ‘आमच्या माणसाला कापू नका’ म्हणणाऱ्या आईला कायदा सांगायचा, तोही तिच्याजवळ बसून. नेत्रदानाचं विचारायचं तर तेही त्याच वेळी, कारण डोळे साधारण सहा तासांच्या आत काढावे लागतात.

मग कागद. मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथेच होते. मुरबाडचा शेतकरी ठाणे शहरातल्या रुग्णालयात वारला, तर दाखला ग्रामपंचायत नाही, ठाणे महापालिका देते. नोंदीची मुदत 21 दिवस. केसपेपरवर घाईत ‘बाळू’ लिहिलेलं असतं, आधार कार्डावर ‘बाळकृष्ण’. जाणता समाजसेवक नोंद पुढे जाण्याआधीच आधार कार्ड मागवून नाव दुरुस्त करून घेतो. एवढं राहून गेलं, तर पुढे बँकेचे पैसे, विमा आणि सातबारावरची वारस नोंद अडते. विधवेला ठाण्याच्या खेपा घालाव्या लागतात, मजुरी बुडते ती वेगळीच.

हे काम दयेपोटी करायचं नाही, ते उपचारांचाच भाग आहे. मृत्यू ओपीडीची वेळ पाहून येत नाही, म्हणून रात्रपाळीलाही समाजसेवक हवा आणि रिक्त पदं भरायला हवीत. तोवर वाचकांनी एवढं ध्यानात ठेवावं : अशी वेळ आली, तर ‘समाजसेवा विभाग कुठे आहे?’ असं बेधडक विचारा आणि रुग्णालय सोडण्यापूर्वी मृताचं नाव अक्षर न् अक्षर तपासून घ्या.