काळी दोन

सकाळी ६.३०, डोंबिवली पूर्व. शेजार झोपलाय. म्हणून सॅक्सोफोनवाला कपाट उघडून साड्या-गोधड्यांच्या गठ्ठ्यात सूर सोडतो. नुसते लांब सूर.

११.०० पाण्याच्या पेल्यात चार रीडी. एकीला तीनेकशे रुपये. दोन बाद. तिसरी बरी, ती आज रात्रीसाठी. चौथी जुनी, वरातीची. मे महिन्याच्या दमट हवेने सॅक्सच्या एका चावीची गादी चिकटतेय. तिच्याखाली सिगारेटचा पातळ कागद दाबून हळूच ओढायचा. सिगारेट कधीच सुटली, कागद सुटला नाही.

२.१५ ठाणे लोकल. केस पोटाशी धरलेली. चेलोवाली कल्याणहून मालडब्यात, भाजीच्या गोण्यांना खेटून.

४.००, नौपाडा. छोटा हॉल, माइक नाही. सॅक्स, व्हायोलिन, चेलो, तबला. चौकडी नवी आहे, त्यामुळे आधी भांडण सुरावर. ऑल्टो सॅक्सवरचा सी पेटीवर काळी दोन निघतो. तबला तिथे लावला की सॅक्सवाल्याची बोटं मोकळी. पण व्हायोलिन-चेलोच्या उघड्या तारांत सा-प सापडत नाहीत. शेवटी दोघं तारा अर्ध्या सुराने चढवतात. चेलोवाली डोळे बारीक करून खुंटी पिळते. तार तुटली तर हजारांत जाते.

७.३० साठ खुर्च्या, चाळीस माणसं. कागदावर आठ ओळींची चाल, पुढचं सगळं तिथल्या तिथे. गोव्याचे सॅक्सवादक ब्राझ गोन्साल्विस सत्तरच्या दशकात जॅझमध्ये राग घेत. वाट अगदीच नवी नाही. माइकविना व्हायोलिनच्या खाली राहायचं म्हणजे फुंक दाबून धरायची. जोरात वाजवणं त्यापेक्षा सोपं. मानेच्या शिरा तटतटतात. तबलजी समेवर यायचं टाळतो, सॅक्सवालाही मुद्दाम रेंगाळतो. ही सवय वरातीतली. नवरदेवाचा मामा नाचतोय तोवर कडवं संपवायचं नसतं.

१०.०० तिकीट ३००. जमा १२,०००. हॉल ६,०००, चहा-वडापाव-पोस्टर ८००. प्रत्येकी १,३००.

१०.४०, ठाणे स्टेशन. बँडमास्तरचा फोन. उद्या सहाला खडकपाडा, दोन हजार, लाल कोट इस्त्री करून. पार्टीला 'रूप तेरा मस्ताना' हवंय. १९६९च्या 'आराधना'त मनोहारी सिंगांनी वाजवलेले तुकडे जसेच्या तसे.

"त्यात तुझं काही घालू नकोस हां," मास्तर बजावतो.