पोटावरच्या रेघांनी केलेले निदान

न्यूझीलंडच्या उत्तर बेटाजवळ पक्षी पाहायला समुद्रात गेलेली बोट सतत हलत असते. स्टॉर्म पेट्रेल हा चिमणीहून जरासा मोठा समुद्रपक्षी दोन लाटांमध्ये क्षणभरच दिसतो: वरून काळपट, शेपटीच्या बुडाशी पांढरा पट्टा. एवढ्यावर ‘विल्सनचा स्टॉर्म पेट्रेल’ अशी नोंद करणे सोपे असते. पावसाळ्यात कोकण किनाऱ्यापुढे दिसतो तो हाच. पण न्यूझीलंड स्टॉर्म पेट्रेलही वरून तसाच दिसतो. शेपटीबाहेर डोकावणारे पायही दोघांना असतात. पोट मात्र वेगळे. विल्सनचे काळपट, याचे पांढरे आणि त्यावर गडद रेघा. नुसत्या तापावरून मलेरिया ठरवू नये, तसेच हे.

19व्या शतकातील अवघ्या तीन नमुन्यांवरून ठाऊक असलेली ही जात नामशेष मानली जात होती. जानेवारी 2003 मध्ये व्हिटियांगाजवळच्या समुद्रात पोटावर रेघा असलेला एक पक्षी कॅमेऱ्यात आला. नेहमीचाच पक्षी, फक्त रंग वेगळा, ही शंका रास्तच होती. नोव्हेंबरमध्ये लिटल बॅरियर बेटाजवळ असे आणखी पक्षी दिसले, त्यांची छायाचित्रेही मिळाली. पुढे जिवंत पक्षी पकडून तपासले. त्यांचा डीएनए संग्रहालयातल्या जुन्या नमुन्यांशी जुळला. 2013 मध्ये रेडिओ ट्रान्समीटर लावून माग काढला, तेव्हा त्याच बेटावरच्या जंगलात विणीची जागा सापडली. बेटावरची मांजरे 1980 मध्येच संपवली होती, उंदीर मात्र 2004 मध्ये. म्हणजे पहिले छायाचित्र निघाले तेव्हा बेटावर उंदीर होतेच.