व्यवसाय आणि कायदा : उधारीच्या वसुलीची तीन वर्षे

विकलेल्या मालाची किंवा केलेल्या कामाची रक्कम वसूल करण्यासाठी दिवाणी दावा लावायचा, तर तो तीन वर्षांच्या आत लावावा लागतो. १९६३च्या लिमिटेशन ॲक्टने, म्हणजे मुदतीच्या कायद्याने, ही मर्यादा घातली आहे. मुदत उलटली की येणे कितीही खरे असो, बिलावर आणि चलनावर सह्या असोत, दावा टिकत नाही. समोरच्याने मुदतीचा मुद्दा काढला नाही, तरीही कलम ३नुसार न्यायालयाने असा दावा फेटाळायचा असतो. सबळ कारण दाखवून उशीर माफ करून घेण्याची सोय अपिलांना आणि अर्जांना आहे, मूळ दाव्याला नाही. छोट्या उद्योजकाचे हक्काचे पैसे कोर्टाची पायरी चढण्याआधीच बुडतात, ते बहुधा इथे.

मुदत मोजायची कधीपासून? उधारीचे दिवस ठरलेले नसतील, तर माल पोचवल्याच्या तारखेपासून. ठरलेले असतील, तर ते संपल्यापासून. मजुरीच्या कामात काम झाल्यापासून. समजा, इचलकरंजीच्या एका यंत्रमागधारकाने १० एप्रिल २०२२ला ६० दिवसांच्या उधारीवर कापड पोचवले. उधारी ९ जून २०२२ला संपली, म्हणून दाव्याची शेवटची तारीख ९ जून २०२५. त्या दिवशी कोर्ट बंद असेल, तर उघडेल त्या दिवशी दावा दाखल करता येतो.

याच यंत्रमागधारकाचे त्या व्यापाऱ्याशी वर्षानुवर्षे चालू खाते असेल, तर त्याला वाटते की शेवटच्या नोंदीपासून तीन वर्षे मिळतील. हा समज फार पसरलेला आहे आणि घातक आहे. तशी सवलत फक्त परस्पर खात्याला मिळते, म्हणजे जिथे दोन्ही बाजूंचे एकमेकांकडे स्वतंत्र येणे निर्माण होते. एकाने माल द्यायचा आणि दुसऱ्याने अधूनमधून पैसे भरायचे, हे खाते एकतर्फी असते. तिथे सर्वसाधारणपणे प्रत्येक बिलाची मुदत वेगळी धावते.

धावणारी मुदत पुन्हा शून्यापासून सुरू करण्याचा मार्ग कलम १८ देते : लेखी कबुली. ‘३१ मार्च २०२४ अखेर आपले येणे रु. ४,१०,०००, मान्य’ एवढी ओळ, खाली देणेकऱ्याची सही आणि तारीख असली, की सहीच्या दिवसापासून नवी तीन वर्षे मिळतात. अट एकच, पण कडक : सही जुनी मुदत संपण्यापूर्वीची हवी. कबुलीसोबत ‘आत्ता देणार नाही’ असे लिहिले असले, तरी ती कबुलीच ठरते. कंपनीच्या ताळेबंदातील नोंदही कबुली ठरू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१मध्ये बिशल जयस्वाल प्रकरणात सांगितले. भागीदारी पेढीत मात्र एका भागीदाराची सही तेवढ्यानेच इतरांना बांधत नाही. पेढीच्या वतीने सही करण्याचा अधिकार कोणाला आहे, हे आधी पाहून घ्यावे. मुदतीच्या आत चेकने मिळालेल्या आणि वटलेल्या अंशतः रकमेचाही कलम १९खाली असाच उपयोग होतो.

मुदत संपून गेली असेल, तर नुसती कबुली पुरत नाही. १८७२च्या करार कायद्याच्या कलम २५(३)प्रमाणे देणेकऱ्याने ‘ही रक्कम देईन’ असे लेखी, सहीनिशी वचन द्यावे लागते. ते मिळाले, तर त्या वचनावर नवा दावा लावता येतो.

वकिलाच्या नोटिशीने मुदत वाढत नाही, आणि फोनवरच्या ‘पुढच्या महिन्यात बघू’नेही नाही. चेक परत आल्यास निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम १३८ची घड्याळे याहून फार लवकर संपतात : बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, देणेकऱ्याला १५ दिवस, त्यानंतर एका महिन्यात तक्रार. तीन लाख किंवा त्याहून जास्त रकमेच्या व्यापारी वादात, तातडीचा आदेश मागायचा नसेल, तर दाव्याआधी मध्यस्थीकडे जाणे सक्तीचे आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२२च्या पाटील ऑटोमेशन निकालात हे पक्के केले. मध्यस्थीत गेलेला काळ मुदतीतून वगळला जातो.

सूक्ष्म आणि लघु उद्योगांना २००६च्या कायद्याचे आणखी बळ आहे. खरेदीदाराशी लेखी काहीही ठरले असले, तरी माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या पुढे रक्कम थांबवता येत नाही. थांबवली, तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ व्याज लागते. त्यासाठी फॅसिलिटेशन कौन्सिलकडे अर्ज करायचा असतो. तिथला समेट फसून प्रकरण लवादाकडे गेले, की मुदतीचा कायदा लागू होतो आणि मुदतबाह्य येणे तिथेही फेटाळले जाते.

म्हणून दर ३१ मार्चला प्रत्येक थकबाकीदाराकडून शिल्लक सही-शिक्क्यानिशी मान्य करून घ्यावी, आणि ते कागद मूळ बिलांसोबत जपून ठेवावेत.