थांबलेला संगणक

संगणकाच्या खोलीत कधी असे घडते की, पडदा उजळलेला असतो, बाणही हलतो. परंतु एखादे ठरावीक फोल्डर उघडू जावे तो यंत्र जागच्या जागी थिजते. अशा वेळी हात थेट विजेच्या बटणाकडे जातो. तत्पूर्वी यंत्र कशासाठी थांबले आहे, हे जाणून घेणे इष्ट होय.

आपल्या ठाणाकुशनूरसारख्या गावी शाळेतील सर्वांचे लेखन एकाच मुख्य यंत्रात ठेवणे सोयीचे पडते. इतर यंत्रे तेथील फोल्डर जाळ्यातून जोडून घेतात व ते आपल्याच घरचे कपाट असल्याप्रमाणे वापरतात. या जोडणीस ‘माउंट’ व ती सोडविण्यास ‘अनमाउंट’ म्हणतात. लिनक्स प्रणालीत याकरिता रूढ असलेली ‘एनएफएस’ पद्धती सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९८४ साली पुढे आणली. (पुण्यात जन्मलेले विनोद खोसला हे या कंपनीच्या संस्थापकांपैकी एक.)

आता मुख्य यंत्राची वीज गेली किंवा तार निसटली, तर काय होते? नेहमीच्या जोडणीत आपले यंत्र हार मानीत नाही. उत्तर येईपर्यंत तीच मागणी पुनःपुन्हा करीत राहते. हा दोष नव्हे, हेतुपूर्वक केलेली योजना आहे. मुख्य यंत्र परतले की अडलेले काम बहुधा आपोआप पुढे सरकते आणि लिहिलेले वाया जात नाही. म्हणून प्रथम तार पाहावी व थोडा धीर धरावा.

मुख्य यंत्र परतणारच नसेल, तर मात्र जोडणी सोडविली पाहिजे. त्या फोल्डरमध्ये उभे असाल तर आधी बाहेर या, तेथील संचिका उघडून बसलेले कार्यक्रम बंद करा. नाहीतर साध्या ‘यूमाउंट’ आज्ञेला ‘जागा वापरात आहे’ असे उत्तर मिळते. त्यानेही न भागल्यास दोन उपाय उरतात. आज्ञेपुढे आडवी रेघ व ‘एफ’ हे अक्षर लिहिल्यास सक्तीने सोडवणूक होते व अडकलेल्या मागण्या रद्द होतात. ‘एल’ लिहिल्यास फोल्डरचे नाव तत्काळ दृष्टिआड होते; खरी आवराआवर मात्र शेवटचा कार्यक्रम त्यातून हात काढून घेईल तेव्हाच. दुसऱ्यास आळशी सोडवणूक म्हणतात, आणि ते नाव मला फार समर्पक वाटते! या आज्ञा देण्याचा अधिकार सामान्यतः यंत्राच्या व्यवस्थापकालाच असतो, आणि ते योग्यच आहे. कारण जे लेखन मुख्य यंत्रापर्यंत पोहोचलेच नव्हते, ते सक्तीच्या उपायाने कायमचे जाऊ शकते. तो निबंध कदाचित शेजारच्या बाकावरील मुलीचा असेल.