कुत्र्याच्या वाडग्यातला बांगडा

कुत्र्यासाठी मासळी घ्यायची म्हटलं की आपल्याकडे बरेच जण उन्हं चढल्यावर बाजारात जातात. भाव उतरलेला असतो, पाटीत तळाचा वाटा राहिलेला असतो, तो मिळेल त्या किमतीत उचलायचा. कुत्र्याला काय, काहीही चालतं! बांगड्याच्या बाबतीत हा समज थेट धोक्याचा आहे. बांगडा, तारली, कुपा या मासळीच्या मांसात हिस्टिडीन भरपूर असतं. मासळी बर्फाविना पडून राहिली की जिवाणू त्याचं हिस्टामाइन करतात, आणि एकदा तयार झालेलं हिस्टामाइन उकळून जात नाही, तळूनही जात नाही. असा बांगडा खाल्ला की माणसाच्या अंगावर पित्त उठतं, चेहरा लाल होतो, डोकं ठणकतं. मासळीला फारसा वास आलेला नसतानाही हे घडू शकतं. तेव्हा कुत्र्यासाठी घ्यायचा बांगडा आपल्या ताटासाठी घेतो तसाच पारखून घ्यायचा: डोळा फुगीर आणि स्वच्छ, कल्ला उचलून पाहिला तर आतून लालभडक, पाठीवर बोट दाबलं तर खड्डा न राहणारा.

मालवणच्या बाजारात मी ज्या मावशींकडे नेहमी मासळी घेतो, त्यांना आमच्या कुत्र्याची, मोतीची, खबर असते. त्या दिवशी बांगडे सकाळचे नसतील तर त्या मला पाटीला हातच लावू देत नाहीत. "कुत्रो झालो म्हणान काय झाला? ताजाच घाल त्येका," असं म्हणून शेजारणीच्या पाटीकडे बोट दाखवतात. स्वतःचं गिऱ्हाईक असं दुसरीकडे धाडणाऱ्या बाईचा शब्द मी मोडत नाही.

मोती गावठी आहे. पूर्वी खायला कोंबडी आणि भात असायचा. कान आणि पंजे सतत खाजवून त्यानं कातडी सोलून काढली होती. कोंबडीचंच वावडं असेल, असा डॉक्टरांना संशय होता. कुत्र्यांत गोमांस, दूध, कोंबडी यांचं वावडं बरंच आढळतं. ते ओळखायचा खात्रीचा मार्ग म्हणजे कुत्र्यानं आजवर न खाल्लेलं एकच मांस आणि एकच धान्य साधारण आठ आठवडे द्यायचं आणि त्याखेरीज तोंडात काहीही जाऊ द्यायचं नाही. बिस्कीट नाही, पोळीचा तुकडाही नाही. खाज कमी झाली तर जुनं खाणं परत सुरू करून बघायचं. खाज उलटली की निदान पक्कं. आमच्याकडे त्या काळात बांगडा आणि उकड्या तांदळाचा भात एवढंच शिजलं आणि डॉक्टरांचा संशय खरा ठरला. काही कुत्र्यांना मासळीचंही वावडं असतं, म्हणून हे पशुवैद्याच्या देखरेखीखालीच करावं.

वावडं नसलं तरी तेलकट मासळीचा फायदा कुत्र्याला होतोच. तिच्या चरबीत ईपीए आणि डीएचए ही ओमेगा-३ आम्लं तयार स्वरूपात असतात. अळशीतही ओमेगा-३ असतं, पण ते वेगळ्या जातीचं. त्यातून ईपीए-डीएचए बनवणं कुत्र्याच्या शरीराला फारसं जमत नाही, म्हणून अळशीची पूड मासळीची जागा घेऊ शकत नाही. कातडीचा दाह आणि म्हाताऱ्या कुत्र्याचे आखडलेले सांधे यांसाठी पशुवैद्य माशाचं तेल देतात ते याच आम्लांसाठी.

मासळी जितकी बारकी तितकी कुत्र्यासाठी चांगली, असं माझं स्पष्ट मत आहे. पारा साठत जातो तो मोठ्या, शिकारी आणि दीर्घायुषी माशांत. मोरी आणि मोठा कुपा म्हणूनच रोजच्या खाण्यात नकोत. बांगडा, तारली, पेडवे अन्नसाखळीत खाली असतात, आयुष्य थोडं जगतात, पारा कमी साठवतात आणि स्वस्तही असतात. आपल्या किनाऱ्यावरच्या तारल्यांचा मोठा हिस्सा फिशमीलच्या कारखान्यांत जातो. त्याची पूड आणि तेल होऊन ते खाद्याच्या गोळ्यांत शिरतं. तीच मासळी अख्खी, ताजी, आपल्या बाजारात मिळत असताना ती आपल्या हातानं का शिजवू नये?

आता शिजवण्याकडे येतो, कारण सगळी मेख काट्यांत आहे. बांगडा विळीवर धरून पोट फाडायचं, आतडी आणि कल्ले काढायचे, पोटातली काळी पातळ त्वचा अंगठ्यानं घासून टाकायची आणि दोन पाण्यांनी धुवायचं. मीठ, हळद, आगळ, काही लावायचं नाही. चाळणीवर ठेवून वाफवला की दहाएक मिनिटांत शिजतो. शिजलेल्या बांगड्याची पाठ सुरीनं उभी चिरली की मांस दोन्ही बाजूंना सुटं होतं. मग शेपटी धरून हलक्या हातानं वर उचलायचं, मधला काटा डोक्यासकट अख्खा निघून येतो. इथं काम संपलं असं वाटतं, पण खरं काम पुढंच आहे. पोटाकडच्या बरगड्यांचे केसासारखे काटे मांसातच राहिलेले असतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, बोटांनाच लागतात. ताटलीत मांस पसरायचं आणि दोन बोटांच्या चिमटीत थोडं थोडं घेऊन चुरत जायचं. टोचलं की बाजूला. एका बांगड्याला यात बराच वेळ जातो आणि घाई केली की हमखास एखादा सुटतो. शिजलेला काटा कच्च्यापेक्षा कडक आणि ठिसूळ असतो. तो घशात किंवा आतड्यात टोचू शकतो.

पेडव्यांचे काटे असे वेचणं शक्यच नाही. त्यांना कुकर हवा. पेडव्याचं डोकं चिमटीत धरून खाली मोडलं की आतडी त्याच्यासोबतच ओढली जातात. पोटाखाली खवल्यांची धारदार करवती कड असते, ती कात्रीनं कापून टाकायची. कुकरमध्ये पेडव्यांचा थर लावून ते जेमतेम बुडतील एवढं पाणी घालायचं, एक शिट्टी झाली की गॅस अगदी बारीक करायचा आणि पाऊण तास तसंच ठेवायचं. घरभर वास सुटतो, खिडक्या उघड्या ठेवाव्या लागतात. कुकर आपोआप थंड झाल्यावर एक पेडवा उचलून त्याचा कणा बोटांत दाबून बघायचा. तो ओल्या खडूसारखा चुरला पाहिजे. जरा जरी कडक लागला तर झाकण लावून पुन्हा गॅसवर. डब्यातल्या सार्डीनचे काटे मऊ असतात ते अशाच दाबाखाली शिजवल्यामुळे. या पद्धतीचा आणखी एक फायदा आहे. काटे काढलेल्या मासळीत कॅल्शियम जवळपास उरत नाही, कुकरातल्या पेडव्यांत ते काट्यासकट पोटात जातं. खाली उरलेलं घट्ट पाणी भातावर ओतलं की मोती वाडगा पुसून काढतो. बांगड्याची डोकीही अशीच शिजवावीत, पण ते पाणी गाळून घ्यावं आणि डोकी टाकून द्यावीत, डोक्यातली हाडं फार कठीण.

कुत्रा मूळचा शिकारी, त्याला कच्चीच द्या, असं सांगणारे भेटतात. मला ते पटत नाही. कच्च्या मासळीत ॲनिसाकिससारखे कृमी असू शकतात. ते मारायचे तर उणे २० अंशांवर ७ दिवस गोठवावं लागतं आणि घरच्या फ्रीजरचा तेवढा भरवसा नसतो. दुसरं असं की तारलीच्या कुळातल्या बऱ्याच मासळीत थायमिनेज नावाचं विकर असतं, ते बी-१ जीवनसत्त्व नासवतं. अशी कच्ची मासळी सतत खाणाऱ्या जनावराला मज्जातंतूंचे विकार जडतात. शिजवलं की विकर नष्ट होतं, कृमीही मरतात. गॅस पेटवण्याएवढ्या कष्टात दोन्ही प्रश्न मिटतात.

घरातलं तिकलं किंवा कालवण मात्र कुत्र्याला अजिबात देऊ नये. त्यातला कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात, शिजवल्यानं हा गुण जात नाही. रव्यात तळलेली तुकडी तेल पिते. एवढी चरबी एकदम पोटात गेली की काही कुत्र्यांच्या स्वादुपिंडाला सूज येते आणि त्यातून जीवही जाऊ शकतो. पाहुण्यांनी लाडानं टाकलेल्या तुकडीकडे म्हणूनच डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावं लागतं.

आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. त्या दिवसांत आणि एरवीही, खाऊ म्हणून सुकी मासळी कामाला येते. खारवलेला बांगडा कुत्र्याला वर्ज्य, मिठानं तो नुसता भरलेला असतो. बोंबील मात्र बहुधा मिठाशिवाय, जबड्यात जबडा अडकवून बांबूच्या वलांडीवर वाळत घालतात आणि त्याचा काटाही मऊ असतो. मी ओळखीच्या ठिकाणाहून बिनमिठाचा बोंबील आणतो, डोकं आणि पर कापतो, पुसून घेतो, मंद तव्यावर कुरकुरीत होईपर्यंत परततो आणि नखाएवढे तुकडे करून बरणीत भरतो. "बस" शिकवताना असा एक तुकडा पुरतो. जवळ्यात रेती फार. तो चाळायचा, पाखडायचा, भाजायचा आणि भातावर चिमूटभरच घालायचा, कारण समुद्राचा खारटपणा त्यात असतोच.

किनाऱ्यावर फिरायला नेताना पट्टा सोडू नका. रापण ओढून झाली की जाळ्यातले केंड मासे रापणकर वाळूत टाकून देतात. केंडाचं विष शिजवूनही जात नाही, त्यावर उतारा नाही आणि कुत्रा त्यानं मरू शकतो. शिंगाळ्याचे काटे आणि तुटलेले गळही त्याच वाळूत पडलेले असतात.

प्रमाणाचा साधा हिशोब असा: वरचा खाऊ, मग तो मासळीचा असो की बिस्किटाचा, दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांच्या आत ठेवावा. पंधराएक किलोच्या कुत्र्याला अर्धा बांगडा त्यात बसतो. मासळी हेच मुख्य जेवण करायचं असेल तर नुसत्या मासळी-भातावर कुत्र्याला महिनोन् महिने ठेवू नका, पशुवैद्याकडून आहार लिहून घ्या. पहिल्यांदा देताना चमचाभर द्या, दोन दिवस शी आणि कातडी बघा, मग वाढवा. आणि बाजारात सकाळीच जा.